एका पंपाला किती?

"सोयाबीन वरून पिवळ पडल खालून हिरव हाय काय माराव"

२०२३ च्या जुलैत एका सकाळी माझ्या साइटच्या शोधपेटीत कुणीतरी हे एवढं लिहून गेलं होतं. अनुस्वार नाही, स्वल्पविराम नाही, प्रश्नचिन्हही नाही. बांधावर उभं राहून एका अंगठ्यानं लिहिल्यासारखं. आणि माझ्या साइटनं त्याला उत्तर दिलं होतं, 'क्षमस्व, आपल्या शोधाशी जुळणारे काहीही आढळले नाही.'

गंमत अशी की नेमक्या याच विषयावर माझा अठराशे शब्दांचा लेख तिथं होता. दोन रात्री जागून लिहिलेला. शीर्षक होतं, 'सोयाबीनमधील हरितद्रव्यऱ्हास : कारणे व व्यवस्थापन'. हरितद्रव्यऱ्हास हा शब्द औसा तालुक्यात त्याआधी कुणी मोठ्यानं उच्चारला असेल असं मला वाटत नाही. मीसुद्धा नाही. नुसता टाइप केला होता.

अप्पांचं औशात कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, औषध. आमच्याकडं कीटकनाशकाला औषधच म्हणतात, आणि ते कुणी फवारत नाही, 'मारतात'. तापाला घ्यायचं तेही औषध आणि अळीला मारायचं तेही औषध. लहानपणी मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. पुण्याला गेल्यावर वाटायला लागलं. तिथं मी एका कंपनीत इंग्रजी साइटींचा मजकूर लिहायची. गूगलवर गिऱ्हाइकाचं पान वर आणायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. २०२० मध्ये ते काम आधी घरून सुरू झालं आणि मग सुटलंच. लातूरहून वीसेक किलोमीटरवरच्या आमच्या घरी परत आल्यावर मी अप्पांना म्हटलं, दुकानाची साइट काढू. पिकांची माहिती मराठीत देऊ, लोक वाचतील, दुकानाचं नाव होईल. अप्पा म्हणाले, "काढ की. लाइट बिल किती येतंय त्याला?"

सुरुवातीला मी तेच केलं जे सगळे करतात. मोठ्या शब्दांच्या मागं लागले. 'सोयाबीन'. 'सोयाबीन भाव'. 'पीक विमा'. कोणता शब्द किती जण शोधतात ते सांगणाऱ्या गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये या शब्दांसमोरचे आकडे पाहून हुरळायला होतं. पण दिवाळीच्या तोंडावर लातूरच्या मार्केट यार्डात ट्रॅक्टर घेऊन गेलेल्या कुणालाही विचारा, गेटपासून रांग कुठवर असते. 'सोयाबीन भाव' या शब्दाची रांग तशीच. पुढं वर्तमानपत्रांच्या साइटी, त्यांच्या मागं वाहिन्या, मग बाजारभावाच्या मोठमोठ्या साइटी, विद्यापीठं, सरकार. माझं पान गूगलच्या निकालांच्या सातव्या पानावर. तिथवर फक्त मीच जायची, रोज सकाळी, देवाला जावं तशी.

आणि समजा पहिल्या पानावर गेले असते, तरी काय? 'सोयाबीन' एवढंच लिहिणाऱ्याला नक्की काय हवं असतं? लातूरच्या आडत्याला भाव हवा असतो. निलंग्याच्या शेतकऱ्याला वाण हवं असतं. आणि माझ्या पुण्याच्या घरमालकीणबाईंना सोयाबीनच्या वड्यांची भाजी हवी असते, कारण त्यांच्या लेखी सोयाबीन म्हणजे तेच, पुडीतलं, खडबडीत. हुमणी अळीनं हैराण झालेला माणूस आणि संध्याकाळची भाजी शोधणारी बाई एकाच शब्दापाशी उभे. या दोघांना मी एकाच पानावर काय सांगणार होते?

माझ्या धंद्यात यावरचा उपाय सगळ्यांना पाठ असतो. लाँग टेल कीवर्ड. लांब शेपटीचे शब्द. पुण्यात मी हे नव्या पोरांना शिकवलेलं आहे, फळ्यावर आलेख काढून. २००४ च्या ऑक्टोबरात 'वायर्ड' मासिकाचे संपादक क्रिस अँडरसन यांनी 'द लाँग टेल' नावाचा लेख लिहिला. त्यांचा विषय गूगल नव्हता, गाणी आणि पुस्तकं होती. गावातल्या दुकानाची फळी चार हातांची, म्हणून दुकानदार खपणाऱ्याच वस्तू ठेवतो. इंटरनेटवरच्या दुकानाच्या फळीला अंतच नाही, म्हणून तिथं वर्षातून एकदा-दोनदा खपणाऱ्या वस्तूही ठेवता येतात, आणि अशा हजारो वस्तूंची विक्री मिळून मोठा बाजार उभा राहतो. याचा आलेख काढला की डावीकडं मोजक्या लोकप्रिय वस्तूंचं उंच डोकं दिसतं आणि उजवीकडं बारीक होत जाणारी, संपता न संपणारी शेपटी. शोधशब्दांचा आलेखही तसाच निघतो, म्हणून आमच्या धंद्यानं तो शब्द उचलला.

उचलला आणि बिघडवला. पुढं जो तो सांगू लागला की तीन-चारपेक्षा जास्त शब्द असले की झाला लाँग टेल. मीही सांगत होते. लांबी मोजायची ती आलेखाच्या शेपटीची, वाक्याची नव्हे. 'आज लातूरला सोयाबीनचा भाव काय आहे' हे सहा शब्दांचं वाक्य हंगामात इतके लोक विचारतात की ते सरळ डोक्यात जाऊन बसतं. उलट 'हळद्या' हा एकच शब्द. पुण्यात ऐकलात तर कावीळ झाली की काय वाटेल. पण तो शोधणारा बहुधा कुठल्यातरी शेतातून, पिवळं पान हातात धरून बोलत असतो. शब्द एक, शेपूट लांब.

अप्पांना मी हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बैल घेताना दात बघत्यात माय. शेपटी कोण बघतंय?" (हे खरं नाही. शेपटीचा गोंडाही बघतात. हाळीच्या बाजारात देवणी बैलांची जोड घेताना अप्पांनी स्वतः बघितलेला मला आठवतो. पण वादात ते असं काहीही बोलतात.)

तर ती शोधपेटी. त्या दिवशी दुपारी मी दुकानात जाऊन बसले. जुलैचे दिवस, चार दिवसांची झड नुकतीच थांबलेली. काउंटरवर एकामागून एक माणूस येऊन तेच म्हणत होता, "अप्पा, सोयाबीन पिवळं पडायलंय." कुणी खिशातून चुरगळलेलं पान काढायचा, कुणी मोबाइलमधला फोटो दाखवायचा, कुणी नुसतंच तोंड करायचा. अप्पांनी एकदाही लगेच बाटली काढली नाही. वर्षानुवर्षं त्यांचं हे चाललेलं मी पाहत आले होते आणि कधी ऐकलं नव्हतं. ते विचारत होते, वरची पानं का खालची? शिरा हिरव्या हायत का? सगळं रान पिवळं का मधूनमधून झाडं? का नुसता सखलातला पट्टा? पाणी साचलं होतं का? पेरून किती दिस झाले?

वरची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या आणि पाणी साचणारा पट्टा, म्हणजे लोह कमी पडलं. आपल्या काळ्या, चुनखडीच्या रानात झड लागली की मुळांना ते उचलता येत नाही. वाफसा येऊ द्या, फार तर सूक्ष्म अन्नद्रव्यं मारा. खालची जुनी पानं आधी पिवळी, तर नत्राकडं बघा. आणि मधूनमधून एखादंच झाड, पानावर पिवळेहिरवे चट्टे विखुरलेले, तर तो हळद्या, पुस्तकात ज्याला पिवळा मोझॅक म्हणतात. तो विषाणू आहे, पांढरी माशी तो पसरवते. ते झाड कोणत्याही औषधानं बरं होत नाही. उपटून बांधाबाहेर न्यायचं, पिवळे चिकट सापळे लावायचे आणि माशी आवरायची.

वाक्य एकच, 'सोयाबीन पिवळं पडलं', आणि त्याची तीन वेगळी उत्तरं. त्यातलं एक उत्तर तर असं की काही मारू नका, ऊन पडू द्या. औषधाच्या दुकानात बसून अप्पा लोकांना हे सांगतात. दुकान मोठं का झालं नाही, हे यावरून ओळखावं.

मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेत होते. अप्पांचा एकेक उलटप्रश्न म्हणजे मोठ्या शब्दाला फुटलेली एकेक फांदी होती. 'सोयाबीन वरची पानं पिवळी शिरा हिरव्या'. 'सोयाबीन सखल भागात पिवळं'. 'सोयाबीनवर हळद्या आला तर उपटावं का'. पुण्यात मी असे शब्द महागड्या साधनांतून काढायची, महिन्याला डॉलरात पैसे भरून. ती साधनं सांगतात की लोकांनी काय विचारलं. त्यांना पुढं काय विचारायला हवं होतं, ते काउंटरमागचा माणूस सांगतो. अठराशे शब्दांच्या त्या लेखाची मी तीन पानं केली. प्रत्येकाचं शीर्षक गिऱ्हाइकाच्या तोंडचं, आणि पहिल्या दोन ओळींत उत्तर. हरितद्रव्यऱ्हास हा शब्द एका पानाच्या तळाशी ठेवला आहे. दोन रात्री जागले होते, अगदीच टाकवला नाही.

ही पानं लिहिण्याआधी जुन्या सवयीनं मी ते शब्द प्लॅनरमध्ये घालून पाहिले होते. 'सोयाबीनला कोणतं औषध मारावं' समोर नुसती रेघ. म्हणजे आकडाच नाही. हे साधन जाहिरातदारांसाठी बनवलेलं आहे आणि जाहिरातीवर पैसे न घालणाऱ्याला ते नीट आकडाही देत नाही, '१० ते १००', '१०० ते १ हजार' अशी ढोबळ मापं देतं. इंग्रजीत एवढ्यावर भागतं. मराठीत या साधनाचा पार गोंधळ उडतो, कारण आपली भाषा शब्दाला प्रत्यय चिकटवत जाते. सोयाबीन, सोयाबीनला, सोयाबीनवर, सोयाबीनवरील, सोयाबीनच्या. तूर तर मूळचीच बदलते. तूर, पण तुरीचा भाव, तुरीला पाणी. त्यात ऱ्हस्व-दीर्घ. 'तुर' असं लिहिणारे 'तूर' लिहिणाऱ्यांपेक्षा कमी नाहीत, आणि मराठीच्या बाईंनी कितीही छड्या मारल्या तरी मोबाइलवर ती वेलांटी-उकाराची चैन कुणाला परवडत नाही. त्यानंतर मराठीच पण रोमन अक्षरांत लिहिणारे. त्यानंतर 'भाव' म्हणणारे, 'दर' म्हणणारे, 'रेट' म्हणणारे. आणि लातूरपुरतं बोलायचं तर सौद्यात काय भाव निघाला आणि पोटलीत (लातूरच्या बाजारातली खरेदीची दुसरी रीत) काय चालू आहे, हे वेगवेगळं विचारणारे. गरज एक, सोंगं दहा. एकेका सोंगाचा आकडा इतका लहान की साधन प्रत्येकासमोर रेघ ओढतं.

त्या रेघेला मी बरीच वर्षं भ्यायचे. रेघ म्हणजे तिथं कुणी नाही, असं धरून चालायचे. आता मला ती रेघ म्हणजे जनगणनेला आलेल्या गुरुजींनी पावसामुळं वस्तीवर न जाता गावातूनच परत फिरावं तशी वाटते.

एक पान मी मुद्दाम या रेघेच्या नाकावर टिच्चून लिहिलं. विद्यापीठाच्या शिफारशी बहुतेक 'प्रति १० लिटर पाण्यात' असतात किंवा 'प्रति हेक्टर'. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सल्ले मी नेमानं वाचते, चांगले असतात, चूक काही नाही. पण आमच्या गिऱ्हाइकाच्या पाठीवर दहा लिटरचा फवारणीचा पंप नसतो आणि त्याच्या डोक्यात हेक्टर नसतो. तो एकच विचारतो, "एका पंपाला किती?" त्याच्यासाठी पाणी मोजायचं माप लिटर नसून पंप असतो, आणि रान मोजायचं माप एकर. मग दुकानदार मनातल्या मनात भागाकार करतो आणि बाटलीच्या झाकणानं माप देतो, आणि झाकणं सगळ्या बाटल्यांची सारखी नसतात. मी साधा हिशोबाचा तक्ता केला, लेबलवर दहा लिटरला इतकं असेल तर पंधराच्या पंपाला किती आणि विसाच्या पंपाला किती. वर ठळक लिहिलं, आधी बाटलीवरचं लेबल वाचा. शीर्षक, 'एका पंपाला किती औषध टाकावं'. साधनाच्या मते हे कुणीच विचारत नव्हतं. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत माझ्या साइटवर आजही सगळ्यात जास्त वाचलं जातं ते हेच पान.

माझी फजितीही सांगायला हवी. हे शहाणपण यायच्या आधी, २०२१ मध्ये, मी एक युक्ती केली होती. मराठवाड्याचे जिल्हे आठ. एकच लेख लिहायचा आणि आठ पानं करायची. 'जालना जिल्ह्यात सोयाबीन लागवड', 'बीड जिल्ह्यात सोयाबीन लागवड', 'हिंगोली जिल्ह्यात'... मजकूर तोच, जिल्ह्याचं नाव बदललेलं. लग्नपत्रिकेत नवरा-नवरीचं नाव बदलावं तसं. एका दुपारीत आठ पानं झाली आणि मी स्वतःवर खूश होते. त्यातली पाच तर गूगलनं यादीत घेतलीच नाहीत. उरलेली तीन महिनाभर कुठंतरी तळाशी लोळली आणि दिसेनाशी झाली. अशा पानांना गूगल 'डोअरवे' म्हणतं आणि त्याच्या नियमांत ती बसत नाहीत, हे मी पुण्यात दुसऱ्यांना बजावून सांगत असे. स्वतःच्या घरी आल्यावर माणूस सैल होतो.

पण ती पानं काढून टाकताना एक मात्र झालं. प्रत्येक जिल्ह्याचं खरोखर वेगळं काय, याचा मी पहिल्यांदा विचार केला. जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ, यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांचे प्रश्न वेगळे. अर्धापूरची केळी, वसमतची हळद. हळदीवरून आठवलं. हिंगोलीकडचा माणूस 'हळद पिवळी पडली' असं लिहितो तेव्हा बाहेरच्याला वाटेल, मग काय निळी पडायला हवी होती? त्याला म्हणायचं असतं पानांविषयी. आणि तोच शेजारच्या रानातल्या सोयाबीनवर 'हळद्या' आला म्हणतो. या दोन वाक्यांत फरक करायला यंत्राला जीव तोडावा लागत असणार.

यंत्र शिकतंय, हे मात्र कबूल करते. २०१९ च्या ऑक्टोबरात गूगलनं बर्ट नावाची पद्धत इंग्रजी शोधासाठी वापरायला घेतली आणि त्याच डिसेंबरात सत्तरहून अधिक भाषांत, त्यात मराठीही. आधीचं यंत्र बरंचसं सुट्या शब्दांवर चालायचं. आता शब्दांची आपसातली नाती पाहिली जातात. 'सोयाबीननंतर हरभरा' आणि 'हरभऱ्यानंतर सोयाबीन', शब्द तेच दोन, पण पहिल्यात माणूस दिवाळीच्या आसपास रब्बीच्या पेरणीचा विचार करतोय आणि दुसऱ्यात उन्हाळ्यात बसून खरिपाचा. सगळं त्या 'नंतर'मध्ये आहे, आणि आपल्याकडं तो शब्दाच्या पोटात शिरून बसतो. हे यंत्राला जितकं कळत जाईल तितकी माझी सोंगांची चिंता कमी होईल. 'तुर' लिहिणाऱ्याला आजही बहुतेक वेळा 'तूर' सापडतेच. म्हणून मी मजकुरात मुद्दाम चुका पेरत नाही. काही जण पेरतात. मला ते पाहवत नाही.

गावांच्या नावांचं वेगळंच. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. पाट्या बदलल्या, बोटं इतक्या लवकर बदलत नाहीत. 'उस्मानाबाद सोयाबीन भाव' असं लिहिणारा आजही असतो आणि त्याला भावच हवा असतो, इतिहास नको असतो. माझी आज्जी शेवटपर्यंत अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणायची, आणि निजाम जाऊन तेव्हा पन्नासेक वर्षं होऊन गेली होती. मी पानावर नवं नाव लिहिते आणि एकदा, वाक्याच्या ओघात, जुनंही. आज्जीसारखं कुणी आलंच तर.

मध्यंतरी एका एजन्सीनं दुकानाला फोन करून कीवर्डची यादी विकली. अप्पांनी माझ्या नकळत पैसे दिले होते. यादीत तीनशे शब्द, आणि ते सगळे साइटच्या आतल्या मेटा कीवर्डच्या रकान्यात भरायचे. तो रकाना आम्ही क्रमवारीसाठी बघतच नाही, असं गूगलनं २००९ मध्येच जाहीर केलं आहे. यादीतला पहिला शब्द होता 'औसा बेस्ट फर्टिलायझर शॉप निअर मी'. अप्पांना मी काही बोलले नाही. त्यांनी ती यादी छापून खतावणीत ठेवली आहे, पैसे दिलेत म्हणून.

खतावणीचा विषय निघालाच आहे तर. रात्री दुकान बंद झाल्यावर अप्पा रोजमेळ लिहितात, आणि मी शेजारी बसून सर्च कन्सोल बघते. गूगलचंच साधन, फुकट. लोकांनी काय शोधलं तेव्हा आपलं पान दिसलं, किती जणांनी त्यावर बोट ठेवलं, सोळा महिने मागचं सगळं दिसतं. एकदा अप्पांनी चष्मा वर करून स्क्रीनकडं पाहिलं. वर एकूण क्लिक लिहिलेले होते आणि खाली शब्दवार यादी. अप्पांनी यादी शेवटपर्यंत नेली, तोंडानं बेरीज केली आणि म्हणाले, "जुळंना की."

नाही जुळत. जुळणारही नाही. दोन-तीन महिन्यांत काही डझनांहून अधिक लोकांनी विचारला नसेल असा शोध गूगल यादीत दाखवतच नाही. विचारणाऱ्याची ओळख उघडी पडू नये म्हणून. तो क्लिक वरच्या बेरजेत धरला जातो, पण खाली त्याची ओळ नसते. मी हे सांगितल्यावर अप्पा बराच वेळ त्या फरकाकडं बघत होते. "म्हंजी उधारी हाय, पण कुणाची ते लिहायचं नाही?"

"तसंच अप्पा."

"मग वसूल कशी करावी?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. माझ्या साइटच्या बेरजेत तो फरक लहानसहान नाही, चांगला घसघशीत आहे. गूगल स्वतः सांगत आलंय की रोज येणाऱ्या शोधांपैकी १५ टक्के असे असतात जे त्यानं आधी कधीच पाहिलेले नसतात. रोज. इतकी वर्षं सगळं जग विचारून विचारून दमलं नाही, आणि अजून दर शंभरातली पंधरा वाक्यं कोरी. शेपटीचं टोक म्हणतात ते हेच, आणि ते कुठल्याही साधनाच्या यादीत येत नाही, कारण यादीत यायला आधी गर्दी व्हावी लागते.

म्हणून मी आता दोनच ठिकाणी जाते. एक दुकानाचं काउंटर, आणि दुसरी साइटवरची ती शोधपेटी. तिथं गूगलचा पडदा नसतो. कोणी लिहिलं ते कळत नाही, पण काय लिहिलं ते अक्षरन् अक्षर राहतं. अलीकडं वाक्यं लांबत चालली आहेत, कारण लोक माइकचं बटण दाबून बोलतात. लिहिताना माणूस काटकसर करतो, बोलताना नाही. "आमच्या शेजारच्यानं मारलं त्याचं चांगलं झालं पण आमच्या झाडाची पानं करपली तर काय करावं", हे एक शोधवाक्य आहे. यातला शेजारी काढून टाका, असं पुण्यातल्या मला वाटलं असतं. पण खरी माहिती शेजाऱ्यातच आहे. औषध तेच, रान जवळचं, तरी एकाचं चांगलं आणि एकाचं करपलं. मग मात्रा चुकली, किंवा भर उन्हात मारलं, किंवा आधी तणनाशक मारलेला पंप न धुता वापरला. अप्पांनी शेवटचं कारण धरलं, आणि मी 'पंप न धुता वापरला तर' या नावाचं पान लिहिलं. प्लॅनरमध्ये रेघ. वाचणारे आहेत.

गेल्या सप्टेंबरात, २०२५ च्या, पाऊस थांबेना. मराठवाडाभर नद्या पात्र सोडून रानात शिरल्या. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात. दुकानात गिऱ्हाईक येत होतं ते काही घ्यायला नाही, नुसतं बसायला. अप्पा चहा सांगत होते. मी घरी बसून शोधपेटी बघत होते. 'शेंगाला मोड आले विकल जात का'. 'पंचनाम्याला तलाठी कधी येतो'. 'भिजलेल सोयाबीन कस वाळवाव'. यांना माझ्याकडं काही ना काही होतं, किंवा एका दिवसात लिहिता येणार होतं, आणि मी लिहिलंही.

मग एका रात्री ही ओळ आली.

'सोयाबीन पाण्यात हाय आठ दिस झाल आता येत का'

मी तशीच दुकानात गेले. अप्पा शटर ओढायच्या बेतात होते. त्यांना ओळ दाखवली. त्यांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून ती दोनदा वाचली.

"कोणतं गाव?"

"ते कळत नाही अप्पा."

"रान किती?"

"तेही नाही."

त्यांनी मोबाइल परत दिला. मी म्हटलं, याचं पान करायला घेतलंय, नाव हेच ठेवलंय, त्याच्याच शब्दांत. खाली काय लिहू? आठ दिवस पाण्यात म्हणजे मुळं गेली असणार, शेंगा कुजल्या असणार. येत नाही, असं स्पष्ट लिहू का?

अप्पांनी शटर अर्ध्यावर सोडलं.

"तसं लिहू नको," ते म्हणाले. "दुकानाचा नंबर टाक. अन् रात्री नऊपर्यंत उघडं असतंय म्हणून लिही."

दुकान सातला बंद होतं. मी नऊ लिहिलं.